सूर्य बुडायच्या आत आमेन

आमच्या घरी पार्टी कधीच व्हायची नाही, आणि त्याचं कारण बाबा शुभवर्तमानातून द्यायचे. मेजवानी करशील तेव्हा मित्र, भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होऊन जाईल. त्यापेक्षा दरिद्री, व्यंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव, असं प्रभूने एका यजमानाला सांगितलं आहे. धुळ्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत हे वचन सगळ्यांना पाठ होतं. शब्दशः पाळायला निघालेले बाबा एकटेच. ते कलेक्टर कचेरीत कारकून होते, आणि शुभवर्तमान व सरकारी परिपत्रक यांत त्यांनी कधी फरक केला नाही.

साठीचं दशक सरत आलं होतं आणि मी मॅट्रिकला होते. आमच्या घराला लागून एका मारवाडी जैन शेठजींचं घर होतं. मधे परसातली कमरेएवढी भिंत. शेठजींच्या सुनेला गल्लीतले सगळे भाभी म्हणायचे. तिची आणि आईची मैत्री त्या भिंतीवरच वाढली. धुणं वाळत घालताना एकदा बोलणं सुरू झालं की कपडे वाळून कडक होईपर्यंत संपायचं नाही. दिवाळीला भाभीकडून ताट यायचं, शेव, गाठी, घेवर, वर जाळीचा रुमाल. आई ताट रिकामं न पाठवता त्यात साखर घालून परत करायची. नाताळाला आईच्या करंज्या भिंतीवरून तिकडे जायच्या.

त्या करंज्या तिकडे कोणी खात नव्हतं. मागच्या बोळात भाभीच्या धुणंभांडीवालीची पोरं त्या खात बसलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. कातणीने पाडलेली आईची कड मला कुठेही ओळखता आली असती. माझे आजोबा साक्रीकडच्या एका गावाच्या वेशीबाहेरून आले. आम्हाला ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या तरी ती वेस लोक विसरले नव्हते. मी तणतणत घरी येऊन आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "पोरांनी खाल्ल्या ना? मग झालं." पण त्या रात्री तिने पोळ्या जाड केल्या, आणि आईच्या पोळ्या फक्त तिच्या मनात काही खुपलं की जाड व्हायच्या.

त्या पावसाळ्यात भाभीची सासू वारली. स्वयंपाकघराच्या किल्ल्या भाभीच्या कमरेला आल्या. दिवाळी झाल्यावर आईने एकदम जाहीर केलं, "नाताळानंतरच्या शनिवारी आपल्याकडे पार्टी. भाभीला बोलवायचंय. आपल्या घरात, पाटावर, ताट मांडून."

बाबांनी चष्मा काढला. "श्रीमंत शेजारी," ते म्हणाले. "स्पष्ट मनाई आहे."

"मनाई आधी बोलावणाऱ्याला असेल," आई म्हणाली. "इतकी वर्षं त्या आपल्याला ताट पाठवतायत. बोलावणं आधी त्यांचं झालं, आपण नुसती परतफेड करतोय. वचन मोडलंच असेल तर ते भाभीने मोडलंय, आणि त्या जैन आहेत, त्यांना चालतं."

अडलं की कचेरीत करायचे तेच बाबांनी केलं, प्रकरण वर पाठवलं. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी ते मंडळीच्या कमिटीपुढे ठेवलं. कमिटीत सगळ्यांत कडक होते आमचे खजिनदार. त्यांना सारे नाना म्हणत. तरुणपणी कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात त्यांचं एक बोट अर्धं गेलं होतं, आणि उरलेलं अर्धं ते बोलताना समोरच्यावर रोखायचे. नानांचा निर्णय असा झाला की ख्रिस्ती माणसाने आनंद करण्यात पाप नाही, पण आनंद कसा चालला आहे यावर लक्ष हवं. सिनेमाची गाणी नकोत, पत्ते नकोत, सोडत नको. खेळ खेळावा, पण उपासनेच्या गीतांवर. जेवण शेवटी, म्हणजे लोक जेवून पळणार नाहीत. आणि वचनातल्या चारही प्रकारचे पाहुणे हजर असावेत.

म्हणून बाबा पाहुणे शोधायला निघाले.

दरिद्री मिळायला वेळ लागला नाही. पाळकसाहेबांनी स्वतःचा पगार सांगितला आणि तो प्रश्न मिटला. आंधळा म्हणून बाबांच्या डोळ्यांसमोर मारुतीच्या देवळापाशी बसणारा एक म्हातारा होता. बाबा सायकलवरून उतरून त्याला रीतसर आमंत्रण द्यायला गेले. तो म्हणाला, "शनवारे? शनवारे तं मना धंदाना दिन शे, भाऊ. सोमवारे बलावा, मंग पाहू." बाबा हिरमुसून परत आले आणि यादीत आंधळ्यापुढे 'गैरहजर' असा शेरा मारून मोकळे झाले. आयुष्यात पहिल्यांदा मेजवानीला बोलावलं आणि पहिल्याच माणसाला सवड नव्हती.

व्यंग माणसासाठी त्यांनी फार विचार केला आणि शेवटी, चुकूनही कोणी करू नये ते केलं. नानांच्या घरी जाऊन, हात जोडून, त्यांच्या अर्ध्या बोटाकडे पाहत त्यांना व्यंग म्हणून आमंत्रण दिलं. नाना ते अर्धं बोट बाबांच्या छातीवर टेकवून म्हणाले, "मी खजिनदार म्हणून येईन. व्यंग म्हणून नाही." बाबांनी घरी येऊन आईला विचारलं, नानांना कोणत्या सदरात धरायचं. आई वांगी चिरत होती. तिने सुरी आणि उरलेली वांगी त्यांच्या हातात दिली.

राहिला लंगडा. इथे आईने आपली खेळी केली. भाभीचे सासरे, म्हातारे शेठजी, पांझरा नदीच्या काठी पाय घसरून पडले होते. तेव्हापासून ते काठी टेकत, कंबर एका बाजूला टाकत चालायचे. "लंगडे आहेत," आई म्हणाली.

"श्रीमंतही आहेत," बाबा म्हणाले.

लंगडेपणाने श्रीमंती कटते का, हा प्रश्न पुन्हा कमिटीपुढे गेला. मला कल्पना आहे की हे कोणाला खरं वाटणार नाही, पण आमच्या मंडळीत यावर एक अख्खी संध्याकाळ चर्चा झाली. अखेर पाळकसाहेबांनी तोडगा काढला. म्हाताऱ्यांनी दुकान मुलाच्या नावावर केलं आहे, सबब ते आता श्रीमंत नाहीत, फक्त लंगडे आहेत. श्रीमंत मुलगा आहे, त्याला बोलावू नये. बाबांना हे पटलं. मग आई हळूच म्हणाली, "पण त्यांना धरून आणायला कोणीतरी लागेलच." अशी भाभी आमच्या पार्टीला सासऱ्यांची काठी म्हणून ठरली.

आमंत्रण भिंतीवरूनच गेलं. भाभी म्हणाली, "इसू, अक्का. पन दिन बुडाना आत." सूर्य मावळल्यावर जैन लोक पाणीसुद्धा घेत नसत. येते म्हणाली. जेवते म्हणाली नाही.

त्यानंतर आईने घर धुवायला काढलं. चिंच आणि राख लावून सगळी पितळ घासली. नवं पातेलं आणलं. अंडी बंद, कांदा-लसूण बंद, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे मटण बंद. त्या वर्षी आमच्या नाताळाला मटण नव्हतं. ही बातमी मंडळीत पसरली. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब छत्री घेऊन दारात हजर, थंडीच्या दिवसांत छत्री का, हे त्यांनाच ठाऊक. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी बाबांना खासगीत विचारलं, "विश्वास ठीक आहे ना?" आम्ही जैन व्हायला निघालोय असं पिंपळनेरपर्यंत कळलं होतं, कारण तिथून माझ्या मामाचं बोलावणं आलं की सगळं सोडून दोन दिवस इकडे या, आपण बोलू.

बाबांनी मात्र गुपचूप स्वतःची तजवीज केली होती. कचेरीतल्या फैजपूरच्या एका सहकाऱ्याला सांगून त्यांनी केळ्यांचं अख्खं लोंगर, सबंध घडच, मागवलं. ते कोपऱ्यात उभं केलेलं पाहून आईने विचारलं, हे कशाला. बाबा म्हणाले, "केळं कोणीही कोणाच्याही घरी खातं. साल असते." आई एकदम लालबुंद झाली. "केळं खायला घालायला मी पितळ घासली का?" ती म्हणाली. लोंगर मात्र तिथून हललं नाही.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. चारच्या सुमाराला मंडळी जमली. अंगणात चर्चच्या घडीच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. काठी टेकत म्हातारे शेठजी आले, मागून भाभी, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. सासऱ्यांसमोर सुनेने तोंड दाखवायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचंही नाही, अशी त्यांच्याकडची रीत. शेठजी आले ते थेट समोरच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची खेळातली आहे हे त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

पाळकसाहेबांनी चार शब्द सांगितले. मेजवानीत मानाची जागा धरू नये, सर्वांत खालची जागा घ्यावी, यावर ते बोलले आणि फार छान बोलले. आता वाटतं, त्या दिवशी नेमकं तेच बोलायला नको होतं.

कारण लगेच नानांनी संगीत खुर्ची जाहीर केली. पेटीवर मी. नानांची अट अशी की गीत मधेच तोडायचं नाही, तो देवाचा अपमान. त्यामुळे सगळी कडवी वाजवणं आलं. सगळेजण खुर्च्यांभोवती गंभीर चेहऱ्याने फिरू लागले. भाभीलाही कोणीतरी ओढलं, तीही घुंघटातून पायापुरतं पाहत फिरू लागली. गीत कुठे संपणार हे लहानपणापासून सगळ्यांना माहीत. शेवटची ओळ आली, मी थांबले, आणि कोणीच बसलं नाही.

"बसा ना, पाळकसाहेब."

"छे छे, आधी नाना."

"माझं काय, मी कुठेही उभा राहीन. बाई, तुम्ही बसा."

सगळे एकमेकांना खुर्च्या दाखवत उभे. भाभीला तर बसणं शक्यच नव्हतं, सासरे खुर्चीत असताना सून खुर्चीत कशी बसणार? नाना म्हणाले, पुन्हा वाजव. मी पुन्हा सगळी कडवी वाजवली. पुन्हा तेच. बाबा दोन खुर्च्यांच्या मधे असे उभे होते की चुकूनसुद्धा कोणत्याही खुर्चीला त्यांचा स्पर्श होऊ नये. तिसऱ्या वेळी नानांनी नवा नियम काढला. जो नम्रतेने उभा राहील तो जिंकला आणि जो बसेल तो बाद. त्यानंतर तर एखादी खुर्ची जवळ आली तरी लोक दचकून पुढे पळायला लागले. बसलेले होते फक्त शेठजी, आणि ते मजेत ताल धरत होते.

गल्लीतले लोक कुंपणापाशी गोळा झाले. त्यांना दिसलं ते एवढंच, की पेटीवर भजन चाललंय, मधे खुर्चीत शेठजी बसलेत आणि सगळे ख्रिस्ती त्यांना प्रदक्षिणा घालतायत. एका म्हातारीने चपला काढून हात जोडले. मला हसू आवरेना, पेटीचा भाता सुटला, आणि नानांनी माझ्यावर अर्धं बोट रोखलं.

पण माझी नजर आईकडे गेली आणि माझं हसणं थांबलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ऊन अंगणातून उठून भिंतीवर गेलं होतं, भिंतीवरून शेठजींच्या कौलांवर चढत होतं. डिसेंबरातला दिवस. हातात तिने कणकेच्या बट्ट्यांवर ओतायच्या तुपाची वाटी धरली होती आणि ती त्या उन्हाकडे बघत होती. हे सगळं नाटक, कमिट्या, चिंच, राख, कशासाठी होतं ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. दिवस असताना भाभीने जेवायला नकार दिला असता तर तो नकार ठरला असता. दिवस बुडाल्यावर नकार द्यायची गरजच उरली नसती, धर्माचंच कारण मिळालं असतं. मग भाभी खरंच आपल्या हातचं खाईल का, हे आईला जन्मभर कळलं नसतं.

घुंघटातून भाभीचा आवाज आला. "अक्का, ह्या बठ्ठा फिरीच राहिनात. कोनी बसत का नई?"

आणि माझी आई, जी पाळकसाहेबांसमोर कधी मोठ्याने शिंकली नव्हती, ती ओरडली, "बस्स! खेळ संपला! शेठजी जिंकले, ते एकटेच बसलेत! पाटावर या सगळे, सूर्य चाललाय!"

नाना काहीतरी म्हणणार होते. आईने तुपाची वाटी त्यांच्याकडे रोखली. ते पाटावर जाऊन बसले.

अजून एक संकट होतं. अन्नासाठी प्रार्थना. पाळकसाहेब अन्नावर प्रार्थना करायला लागले की आधी पीक, मग पाऊस, मग राज्यकर्ते, मग साऱ्या जगातले भुकेले असा क्रम असे, आणि आमच्याकडचं वरण त्या क्रमात शेवटी यायचं. डोळे मिटले गेले. ते पावसापर्यंत आले. त्यांनी श्वास घेतला, आणि त्या श्वासात आई खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!"

सवयीने सगळी पंगत म्हणाली, "आमेन." शेठजीसुद्धा म्हणाले. पाळकसाहेबांनी डोळे उघडले तोवर आई वाढत होती.

बट्ट्या, घोटलेलं वरण, वर तूप. शेठजींना खाली बसता येत नव्हतं, ते खुर्चीतच होते. बाबा धावत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांना केळं दिलं. शेठजींनी ते घेतलं, सोलू लागले. मग बाबांनी दुसरं केळं ताटलीत घालून भाभीपुढे धरलं. भाभी पाटावर बसली होती. पुढे आईने मांडलेलं ताट, बट्ट्यांवर तूप. तिचा हात मांडीवरच होता. घुंघट सासऱ्यांच्या बाजूला किंचित वळला. पंगतीत कोणी घास उचलला नाही. आई वाढता वाढता थांबली होती.

शेठजींनी केळ्याचा एक घास घेतला, भिंतीकडे पाहत चावून खाल्ला, आणि मला म्हणाले, "पोरी, बीनणीले सांग. दिन अजून शे. खाई ले."

बीनणी म्हणजे सून. मी सांगायची गरज नव्हती, भाभीने ऐकलं होतं. तरी मी दोन पावलं जाऊन सांगितलं, कारण त्यांच्यात तसंच करतात. भाभीने बाबांच्या हातातली केळ्याची ताटली एका बोटाने बाजूला सारली, बट्टी वरणात कुस्करली, सासऱ्यांकडे पाठ करून घुंघट कपाळापर्यंत वर केला आणि खायला लागली. आईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. दोन घास झाल्यावर भाभीने तोंड वाकडं केलं.

"अक्का," ती म्हणाली, "वरणमा मीठ कमी शे."

आई जागची हललीच नाही. मीठ आणायला बाबा धावले. त्यांनी आख्खी बरणीच आणली, आणि कोणाला किती वाढायचं हे न सुचून बरणी तशीच पुढे धरून भाभीसमोर उकिडवे बसले. भाभीने हवं तेवढं बोटांनी घेतलं. तिने तीन बट्ट्या खाल्ल्या. शेठजींनी आणखी केळी खाल्ली, दुसरं काही नाही, पण जाताना "मस्त खेळ शे तुमना" असं पाळकसाहेबांना सांगून गेले.

निघताना भाभी दारात थांबली आणि आईला म्हणाली, "सोमवारे तुम्ही आमनाकडे जेवाले या." आईने हो म्हटलं. बाबा तिथेच उभे होते. उलट बोलावणं आलं होतं, वचनाप्रमाणे फिटंफाट होऊन स्वर्गातलं सगळं प्रतिफळ गेलं होतं. आता ते बोलणार, असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं.

सगळे गेले. दिवे लागले. आम्ही तिघं ओट्यावर बसून उरलेलं जेवत होतो. बाबा वरणाकडे बघत होते. वचनाचं त्यांनी नावही काढलं नाही.

"इतकी वर्षं मला वाटायचं," ते म्हणाले, "आपण बोलावलं तर कोणी खाणार नाही."

आईने त्यांच्या ताटात बट्टी वाढली आणि म्हणाली, "मलाही."